चक्रीची आगाऊ शोकसभा

शोकसभेला सगळे वेळेवर आले, आणि आपलं निदान बरोबर आहे हे छकुलीला तिथेच कळलं. कामाच्या मीटिंगला हीच माणसं पाय ओढत, दात काढून घ्यायला निघाल्यासारखी येत. आज धाकटे काका सगळ्यांच्या आधी येऊन पुढची खुर्ची धरून बसले होते. काकूने दोन रुमाल आणले होते, एक वापरायचा आणि एक राखीव. आत्याने तोंडात लवंग धरली होती. भाषण लांबणार याची ती खूण.

गेलेलं कोण होतं, तर चक्री.

चक्री म्हणजे लाकडी जनावरांवर मुलांना बसवून गोल फिरवणारं मेरी-गो-राउंड. शहरातल्या मोठ्या बागेसाठी ते घरच्या कारखान्यात तयार होत होतं. तिचं चित्र छकुलीने फ्रेम करून रंध्याच्या टेबलावर उभं केलं होतं. वरच्या कोपऱ्यावर काळी फीत, शेजारी पेल्यात चार फुलं. आणि फ्रेमच्या मागेच, हात लांब केला तर लागेल इतक्यावर, खुद्द चक्री उभी होती. ताडपत्रीखाली, अर्धवट, पण तब्येतीने ठणठणीत.

"अगं, पण ही मेली कुठे?" आत्याने लवंग गालात सरकवून विचारलं.

"मेली असं समजायचं," छकुली म्हणाली. "उद्घाटनाचा दिवस होऊन गेला. बागेत गर्दी जमली, बटण दाबलं, आणि चक्री काही फिरली नाही. आता आपण जमलोय. ती कशाने गेली, एवढंच ज्याने त्याने सांगायचं."

"वय काय होतं?" धाकट्यांनी गंभीरपणे विचारलं.

"काका!"

"नाही, सुरुवात तशी करतात."

छकुली इंजिनियर होती, मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आली होती, आणि उंचीला घरात सगळ्यांपेक्षा जास्त होती. पण पाळण्यात पडलेलं नाव पाळण्याच्या मापाचंच राहिलं होतं. चक्रीचं काम आप्पांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, तिच्या हाती दिलं ते एका बोलीवर. "हे एक चालवून दाखव. चाललं तर कारखाना तू बघायचास. नाही चाललं तर फरशीवाला बघेल." फरशीवाल्याला शेड गोदामासाठी हवी होती. तो दर शनिवारी येई, टेपने शेडची लांबी मोजे, मागच्या शनिवारपेक्षा ती कमी झालेली नाही ना याची खात्री करून घेई, आणि जाई.

कारखाना फिरणाऱ्या वस्तूंचा. तो आप्पांच्या वडिलांनी काढला, आणि काढला त्याच दिवशी एक नियम घातला: चालत्या कामाला नाट लावायचा नाही. काम चालू आहे तोवर त्याबद्दल वावगा शब्द काढायचा नाही. मेल्यावर काय हवं ते बोला. घराण्याने हा नियम इतका मनावर घेतला की त्यांच्याइतकं उत्तम शवविच्छेदन आसपास कुठेच होत नसे. हॉटेलसाठी केलेला फिरता दरवाजा लोकांना आत घेऊन, अदबीने फिरवून, पुन्हा रस्त्यावरच आणून सोडायचा. बसवायच्या आधी हे घरातल्या तिघांना माहीत होतं. काढून आणल्यावर तिघेही म्हणाले, "मला तर पहिल्या दिवशीच शंका आली होती." मोटारींच्या दुकानात फिरता चौथरा बसवला. पहिल्याच संध्याकाळी त्याच्यावरची नवी कोरी मोटार ड्रायव्हर न घेता समोरची काच फोडून फिरायला गेली. त्याचंही कारण घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं, फक्त क्रम चुकला होता. आधी अंत्यविधी, मग निदान.

छकुलीने ठरवलं, निदान हवं असेल तर अंत्यविधी अलीकडे घ्यावा.

"अध्यक्षस्थानी आप्पांनी बसावं," ती म्हणाली.

आप्पा हाताच्या खुर्चीत बसले. त्यांना हा प्रकार पटला नव्हता, पण अध्यक्षपद नाकारण्याची त्यांना सवय नव्हती.

"आधी दोन मिनिटं शांतता," ते म्हणाले.

*

ती दोन मिनिटं थोरल्यांना फार जड गेली. थोरले म्हणजे आप्पांचे मोठे चिरंजीव, छकुलीचे वडील. चक्रीवरची जनावरं त्यांच्या हातची. लाकडातून घोडा असा काढत की शेजारच्या ओंडक्यालाही आपण घोडा व्हावं असं वाटे. पण आत्ता डोळे मिटल्यावर त्यांना एकच घोडा दिसत होता. तो ताडपत्रीच्या अगदी आतल्या अंगाला होता, त्याच्यावर जुनं पोतंही टाकलेलं होतं, आणि तो कुणाला दिसू नये म्हणून ते आठवडाभर जेवायलासुद्धा त्याच्याजवळच बसत होते.

"झाली," आप्पा म्हणाले. "बोला."

आत्या उठली. आत्या आप्पांची धाकटी बहीण. तिला घरात सगळेच आत्या म्हणत, आप्पासुद्धा, त्यामुळे तिचं कुणाशी नक्की काय नातं आहे हे पाहुण्यांना शेवटपर्यंत उलगडत नसे. कारखान्यातलं रंगकाम तिच्याकडे होतं.

"चक्री गेली," आत्या म्हणाली, "आणि मागे कधी न भरून येणारी पोकळी ठेवून गेली. ती बरीचशी शेडच्या मधोमध आहे. स्वभावाने मनमिळाऊ. लहान मुलांची आवड. मला विचाराल तर ती गेली रंगाने."

"रंगाने कसं कोण जाईल?" आप्पा.

"न वाळल्याने. आप्पा, तू मला सांगितलंस घोडे निळे. मी निळे केले. थोरला म्हणाला, लाकूड दिसलं पाहिजे, तपकिरी कर. केले. ही छकुली म्हणाली, बागेच्या चित्रात निळे आहेत. पुन्हा निळे. मग तू येऊन म्हणालास, एवढे का निळे? आता घोड्यांवर रंगाची इतकी पुटं आहेत की लाकडापेक्षा रंगच जास्त. बोट लावलं तर अजून रुततं. उद्घाटनाला जे पोर पहिलं बसेल ते घोड्यासकट घरी जाईल."

"मग तू मला विचारायचंस, शेवटचं कुणाचं ऐकू," छकुली म्हणाली.

"चालत्या कामात?" आत्याने आश्चर्याने विचारलं, आणि खाली बसली. मग आठवण होऊन पुन्हा उठली. "तिच्या आत्म्याला शांती लाभो."

छकुलीने पेन्सिलीने लिहून घेतलं: रंग कोणता हे एकाच माणसाने सांगावं.

"आता मी," काकू म्हणाली. काकू ही धाकट्यांची बायको. चक्रीवरचं कापडी छत तिने शिवलं होतं. तिने आधी रुमालाने डोळे टिपले, कोरडे असले तरी. "मला तिचं फार कौतुक होतं हो. छताला झालर लावली, घुंगरासारख्या गोंड्यांची. ती गेली जिराफाने."

थोरल्यांची मान वर झाली. जिराफ त्यांचा जीव की प्राण.

"जिराफ छतापेक्षा उंच आहे, भाऊजी," काकू त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही मान कमी कराल."

"मला वाटलं, तुम्ही छत वर घ्याल."

"मी मग छताला भोक पाडलं. छान काठ दुमडून, काजं करतात तसं. जिराफाने डोकं बाहेर काढून बघावं म्हणून."

"ही उत्तम कल्पना आहे," आप्पा म्हणाले.

"हो, पण छत फिरत नाही, आप्पा. जिराफ फिरतो. पहिल्याच फेरीला एक तर छत फाटणार, नाही तर मान जाणार. मी ह्यांना विचारलं होतं, दोन्हींपैकी काय चालेल."

"अगं, मग मी काय बोललो?" धाकटे म्हणाले. "मी म्हटलं, बघू."

"'बघू' म्हणाले," काकूने सभेला सांगितलं. "बावीस वर्षं 'बघू'च म्हणतायत. अजून काही दिसलं नाही."

आप्पांच्या कपाळावर आठी आली, पण सभा शोकाची असल्याने त्यांना ती परत घ्यावी लागली.

*

धाकट्यांची पाळी आली तशी त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला. त्यातून त्यांना काही वाचायचं नव्हतं. मोटर आणि विजेचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. हॉटेलच्या दरवाज्यापासून ते आणि थोरले एकमेकांशी थेट बोलत नसत. आत्यामार्फत बोलत. दोघे एकाच टेबलाच्या दोन टोकांना उभे असले तरी "दादाला सांग, पाना दे" असा निरोप आत्यापर्यंत जाई आणि पाना घेऊन परत येई.

"आत्या," धाकटे म्हणाले, "दादाला सांग, की चक्री गेली ती उलट्या चालीने."

"म्हणजे?" आत्या.

"दादाने जनावरांची तोंडं ज्या बाजूला केली आहेत, त्याच्या उलट्या बाजूला माझी मोटर फिरते. पहिल्या दिवशी चालवून बघितलं तेव्हाच मला कळलं. सगळी जनावरं पाठमोरी पळतात. घोडे मागे, हत्ती मागे. काहीतरी भयंकर बघून सगळं रान माघार घेतंय असं वाटतं."

शेडमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. ती काकू होती. तिने राखीव रुमाल काढला.

"त्याला विचार," थोरले आत्याला म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "पहिल्या दिवशी कळलं तर तेव्हाच बोलला का नाही?"

"मला वाटलं, दादा मुद्दाम करतोय. कलाकार आहे. असेल काही."

"मी मुद्दाम करीन? घोडे उलटे पळवीन?"

"मग तुला दिसलं नाही का?" धाकटे थेट त्यांनाच म्हणाले, आणि आत्याने चमकून दोघांकडे पाहिलं. नोकरी जाते की काय अशी तिला शंका आली.

"दिसलं की! त्याच दिवशी दिसलं!"

"मग?"

थोरले उठले. ताडपत्रीखाली गेले, पोतं बाजूला झाल्याचा आवाज आला, आणि त्यांनी तो घोडा ओढत उजेडात आणला. पुढून बघितलं तर सुंदर घोडा होता. नाकपुड्या फुललेल्या, आयाळ वाऱ्यावर. मागून बघितलं तरी सुंदर घोडाच होता. शेपटीच्या जागी दुसरं डोकं होतं, तितकंच तडफदार, आणि तेही पळायच्या पूर्ण तयारीत.

बराच वेळ कुणी बोललं नाही. ही शांतता ठरलेली नव्हती.

"हे काय रे?" आप्पांनी शेवटी विचारलं.

"दोन्हीकडे तोंड केलं," थोरले म्हणाले. "म्हटलं, मोटर कशीही फिरू दे. सगळ्यांना असं करणार होतो. महिनाभरात झालं असतं. फक्त हत्तीला दुसरी सोंड बसत नव्हती, सोंडा शेजारच्याला लागत होत्या."

"दादा," धाकटे हळूच म्हणाले, "मोटरच्या दोन वायरी आलटापालट केल्या की ती उलटी फिरते. चहा उकळायच्या आत होतं."

"मग केल्या का नाहीस?"

"कुणी म्हटलंच नाही."

थोरले घोड्याच्या एका डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मग धाकटे उठले आणि त्यांनी दुसऱ्या डोक्यावर हात ठेवला. "पण काय काम केलंयस, दादा. ह्या बाजूचं जास्त चांगलंय." "तेच नंतर केलं," थोरले म्हणाले. "हात बसला होता." आणि मग दोघांना हसू आवरेना. इतकी वर्षं साठलेलं असल्याने ते निघायला वेळ लागला. हसता हसता धाकट्यांचा चष्मा घोड्याच्या कानात अडकला. आत्याने लवंग चावली आणि पुटपुटली, "बरं झालं बाई. माझी ने-आण संपली."

छकुलीने लिहिलं: बाबा आणि काका बोलतात.

*

बागेचे साहेब नेमके तेव्हा आले. निमंत्रणपत्रिकेवर छापायला चक्रीचा फोटो हवा होता म्हणून ते स्वतः निघाले होते. दारात पाऊल ठेवलं आणि त्यांना काळी फीत दिसली. रुमालात तोंड खुपसून हलणारी एक बाई दिसली. खांद्याला खांदा लावून, डोळ्यांत पाणी येऊन, घोड्याला धरून उभे असलेले दोन भाऊ दिसले. साहेबांनी टोपी काढली आणि मागची खुर्ची घेतली. खात्याच्या वतीने त्यांना आठवड्याला एक तरी शोकसभा असे. कोण गेलं हे न विचारता दुःखी होणं त्यांना जमत असे.

मग त्यांचं लक्ष फ्रेमकडे गेलं, आणि कोण गेलं ते कळलं.

साहेबांच्या मनात जे पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. ती सुटका होती. गेले कित्येक आठवडे रात्री त्यांना झोप लागत नव्हती. ते उठून उभे राहिले.

"साहेब!" छकुली गडबडली. "तुम्ही... हे म्हणजे असं आहे, की..."

"काही बोलू नकोस, बेटा," साहेब म्हणाले. "तुमच्या दुःखात आमचं खातं सहभागी आहे. चक्रीला मी कागदावर असल्यापासून ओळखत होतो. आज ती नाही म्हटल्यावर दोन शब्द मनापासून बोलतो. तिला तुम्ही मारलेलं नाही. ती आमच्याकडेच गेली असती."

"कशाने?" आप्पा पुढे झुकले.

"खांबाने. चक्रीसाठी आम्ही चौथरा बांधला. उत्तम बांधला. फक्त जागेत आधीपासून दिव्याचा खांब होता, आणि खांब दुसऱ्या खात्याचा. त्यांना कळवलं, तर ते म्हणाले, अर्ज करा. आमचे लोक थांबले नाहीत, त्यांनी चौथरा खांबाभोवतीच बांधून काढला. आता खांब चौथऱ्यावर बरोबर हत्तीच्या वाटेत आहे."

"मग हत्ती प्रत्येक फेरीला..." काकूने विचारलं.

"भेटला असता," साहेब खिन्नपणे म्हणाले. "आणि आता ती गेलीच आहे, तर अजून एक. देवमासा आम्हाला नको होता."

देवमासा आप्पांचा होता. कागदावर आधी नुसते घोडे होते. मग हत्ती, मग जिराफ, आणि शेवटी आप्पांनी देवमासा काढून दिला होता. पोट उघडणारा, आत चार मुलं बसणारा. त्याचा सांगाडा शेडच्या भिंतीला टेकून होता आणि त्याच्या वजनाने चक्रीचा तळ वाकेल हे धाकट्यांना माहीत होतं, थोरल्यांना माहीत होतं, आणि बहुधा देवमाशालाही माहीत असावं.

"तुम्ही तर वा वा म्हणालात!" आप्पा म्हणाले.

"तुम्ही इतक्या आनंदाने दाखवलात, आप्पासाहेब. आनंदी माणसाला नाही कसं म्हणायचं? पण आम्हाला घोडेच हवे होते."

आप्पा मागे टेकले. आज सकाळी खुर्चीत बसताना त्यांच्या मनात एक छोटंसं, नीटनेटकं भाषण होतं, त्यात 'कालाय तस्मै नमः' होतं. ते आता कुठे बसेना. एकेकाने सांगितलेली कारणं त्यांनी मनात एकमेकांवर ठेवून पाहिली. प्रत्येकाच्या तळाशी एकच माणूस सापडत होता, ज्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्या माणसाने एक गोष्ट अजून कुणालाच सांगितली नव्हती.

"अध्यक्षीय दोन शब्द," ते घसा साफ करून म्हणाले. "ती तारखेनेही गेली असती. साहेब मागे फोनवर म्हणाले, पाहुणे आधीच्या आठवड्यात मोकळे आहेत. मी म्हटलं, होऊन जाईल."

"आधीच्या आठवड्यात?" छकुली उडालीच. "आप्पा! उद्घाटन एक आठवडा अलीकडे आणलंत? मला कधी सांगणार होतात?"

"योग्य वेळी."

"योग्य वेळ म्हणजे उद्घाटनानंतर!"

"चालत्या कामात कशाला..." आप्पा म्हणाले, आणि थांबले. स्वतःच्याच तोंडून तो नियम त्यांना पहिल्यांदा ऐकू आला होता.

एवढ्यात साहेबांनी सहज म्हणून ताडपत्री उचलून पाहिली.

"ही तर इथेच आहे!" ते म्हणाले. "ही तर चांगली जिवंत आहे!"

*

आणि मग छकुलीच्या डोळ्यांदेखत ते घडलं. चक्री जिवंत आहे हे उघडपणे बोललं गेल्याबरोबर अख्खं घराणं एका दमात बरं झालं.

"रंग काय, वाळेल हो," आत्या साहेबांना म्हणाली. "अजून बक्कळ वेळ आहे."

"जिराफ बसेल," थोरले म्हणाले.

"छत ताणलं की होईल," काकू म्हणाली.

"देवमाशाने जरा वजन येईल एवढंच," धाकटे म्हणाले. "वजन असलेलं बरं. हालत नाही."

"खांबाचा अर्ज आमचा गेलेलाच आहे," साहेब टोपी घालत म्हणाले. "येईल उत्तर. उद्घाटन आधीच्या आठवड्यात, म्हणजे, आपलं, फोनवर ठरल्याप्रमाणे ना?"

"अर्थात," आप्पा म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघून हसले. फार गोड माणसं होती. छकुलीने हातातल्या कागदाकडे पाहिलं. रंग, जिराफ, मोटर, खांब, देवमासा, तारीख. सगळी कारणं नीट लिहिलेली होती, आणि त्यांतलं एकही आता कुणाचं नव्हतं. मेलेल्या कामाबद्दल खरं बोलून काही होत नाही, हे तिला उशिरा का होईना समजलं. तेच जिवंत कामाच्या तोंडावर बोललं पाहिजे. आणि ते काम ज्याच्या हाती दिलंय त्याने. इथे तर तिनेच.

"नाही," छकुली म्हणाली.

"काय नाही?" आत्या.

"उद्घाटन आधीच्या आठवड्यात नाही. ठरलेल्या आठवड्यातही नाही. खांब हलल्यावर. देवमासा नाही. घोडे निळे, आणि आजपासून रंग फक्त मी सांगणार. बाबा, जिराफ छताखाली बसला पाहिजे."

"मान कापू?" थोरल्यांनी पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने विचारलं.

"मान कशाला? पाय दुमडलेला करा. बसलेला जिराफ. मुलांना चढायलाही सोपं. काकू, भोक बुजवा. काका, वायरी. आत्ता. साहेब, आमच्याकडून तुम्हाला लेखी येईल, की खांब असेपर्यंत चक्री ह्या दारातून बाहेर पडणार नाही."

साहेबांचा चेहरा उजळला. "लेखी? खरंच? मग मला तो कागद त्यांच्या टेबलावर आपटता येईल! इतके दिवस मला आपटायला काही नव्हतं!"

आप्पा मात्र उठले होते. ते कुणाकडे न बघता शेडबाहेर गेले, माल पोचवायच्या टेम्पोत चढून बसले आणि त्यांनी दोन्हीकडच्या काचा वर केल्या.

"गेले," काकू म्हणाली.

आप्पा कधी ओरडत नसत. वाईट बातमी कानावर आली की टेम्पोत जाऊन बसत, आणि बातमी सुधारेपर्यंत बाहेर येत नसत. मोटारीच्या दुकानाच्या वेळी ते दोन दिवस बसले होते. त्या काळात मालाची सगळी ने-आण आप्पांसकट झाली. एका गिऱ्हाइकाने तर त्यांना मालाबरोबर उतरवूनही घेतलं होतं. रागावलेल्या माणसाला तोंड देता येतं. काच वर केलेल्या माणसाला कोण काय सांगणार? म्हणूनच घरात कुणी काही सांगत नसे.

आजवर त्या टेम्पोजवळ कुणी गेलं नव्हतं. छकुली गेली, दुसऱ्या बाजूचं दार उघडून आत बसली, आणि दार लावून घेतलं. आतमध्ये जुन्या ग्रीसचा वास होता. बाहेर, शेडच्या दारात, सगळे एकावर एक माना काढून बघत होते. त्यात साहेबांचीही मान होती.

"सगळ्यांसमोर बोललीस," आप्पा समोर बघत म्हणाले.

"हो."

"चालत्या कामाबद्दल."

"चालतंय तोवरच उपयोग आहे, आप्पा."

आप्पांनी स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली. टेम्पो बंद होता, तरी त्यांनी एकदा वळण घेतल्यासारखं चाक फिरवून पाहिलं.

"एवढे सगळे," ते म्हणाले, "मला घाबरतात?"

"तुम्हाला नाही. टेम्पोला."

आप्पांच्या मिशा हलल्या. बाहेरून बघणाऱ्यांना ते रडतायत असं वाटलं आणि आत्याने डोकं झाकून घेतलं. आतून बघणाऱ्या छकुलीला ते हसतायत हे दिसलं.

"देवमासा नाही म्हणालीस."

"नाही."

"पाणघोडा चालेल?"

"नाही, आप्पा."

"लहानसा. वजनाला हलका."

"पाणघोडा हलका नसतो, आप्पा."

"बरं," आप्पा म्हणाले. "विचारून ठेवलं." त्यांना नाही म्हटलं गेल्यावर काय होतं ते ते थोडा वेळ बसून तपासत राहिले. विशेष काही होत नव्हतं. पोटात जरा भूक लागल्यासारखं वाटत होतं, तेवढंच.

शेडमध्ये मोटर सुरू झाली. धाकट्यांनी वायरी बदलल्या होत्या. चहा अजून उकळला नव्हता.

आप्पांनी आपल्या बाजूची काच खाली केली.

"शनिवारी तो फरशीवाला येईल टेप घेऊन," ते म्हणाले. "त्याच्याशी तूच बोल. तुला ते नाही म्हणणं चांगलं जमतं."